ॲव्हरेज किती देते?

मंडळी, मागच्या दिवाळीत याच पानावर मी फ्रीजरमधल्या पुरणपोळ्यांचा हिशोब मांडला होता. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणींचे फोन आले. एका काकूंनी तर पुढच्या वर्षी अळूवड्यांवर लिही असा हुकूमच सोडला. काकू, माफ करा. या वर्षी माझी वही स्वयंपाकघरातून निघाली ती थेट गॅरेजमध्ये गेली, आणि वर्षभर तिथेच राहिली.

झालं असं, की माझ्या नवऱ्याने कॉर्व्हेट घेतली. नवी नाही, २००२ सालची. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर त्याच्या कॉटच्या वर या गाडीचं पोस्टर होतं म्हणे. त्याच्या रूम पार्टनरच्या भिंतीवर माधुरी होती, याच्या भिंतीवर ही. आता एवढ्या जुन्या कॉर्व्हेटची किंमत नव्या साध्या कोरोलापेक्षा कमी असते, हे मला पटवायला त्याला दोन महिने लागले. गाडी आली ती हळदीसारखी पिवळीधमक. जमिनीला इतकी चिकटलेली, की साडी नेसून तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसण्यासारखं, आणि उठणं त्याहून अवघड.

व्हिडिओ कॉलवर साताऱ्याला गाडी दाखवली. सासूबाईंनी तिथूनच कुंकवाचं बोट दाखवलं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा वर करून गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

नवऱ्याला हसू आवरेना. तीनशे पन्नास घोड्यांची, ५.७ लिटरची, आठ सिलिंडरची गाडी, आणि हे विचारतात ॲव्हरेज! पण मला हसू आलं नाही. बजाजची स्कूटर बंद पडल्यावर ती आडवी करून टाकीतलं शेवटचं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत नेणाऱ्या बापाची मी मुलगी. मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. शिवाय घरात पगार एक, पोरगी चार वर्षांची, मी डिपेंडंट व्हिसावर, आणि नवऱ्याचं ऑफिस बेचाळीस मैलांवर. व्हॅन माझ्याकडे आणि लेकीकडे, त्यामुळे रोजची ये-जा या पिवळीनेच होणार होती.

तेव्हा मी वही उघडली. पहिल्या महिन्याचं उत्तर आलं, गॅलनला साडेवीस मैल. बाबांच्या भाषेत लिटरला पावणेनऊ किलोमीटर. तेही प्रीमियम पेट्रोल, इथल्या भाषेत 'गॅस'. (बारा वर्षं झाली, माझ्या तोंडी अजून पेट्रोलच येतं. गॅस म्हटलं की मला भारतची टाकी आठवते.) दिवसाला ८४ मैल, महिन्याला साडेसतराशेच्या वर. म्हणजे सुमारे ८५ गॅलन, आणि तेव्हा आमच्या इथे प्रीमियम साडेतीन डॉलरच्या वर होतं. तीनशे डॉलर! मी वही त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, "अगं, स्पोर्ट्स कार आहे, एवढं खाणारच."

पण एवढं खाणारच नव्हतं. नव्या गाडीवर चिकटवलेल्या कागदावर त्या काळी हायवेला २८ मैल लिहिलेलं असायचं. आमची गाडी मग साडेसात मैल टाकत कुठे होती?

आमच्या शेजारचे आजोबा फोर्ट कॅम्पबेलला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेत. त्यांना विचारलं. ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरमधली हवा मोजली. चारही चाकांत २६, दारावरच्या स्टिकरवर ३०. डिकी उघडली. आत गोल्फचा सेट, हत्यारांची पेटी, आणि लेकीची जुनी स्ट्रोलर. सगळं बाहेर काढलं. मग ते हसून म्हणाले, की यातलं काहीच मोठं नाही, खरा दोष उजव्या पायात आहे.

ते खरंच होतं. टायरमधली हवा एका पाउंडाने कमी झाली, तर मायलेज टक्क्याच्या पाचव्या हिश्शाने उतरतं. चार पाउंडांनी जेमतेम पाऊण टक्का. शंभर पाउंड वजन उतरवलं तर एक टक्का. आणि एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकचं लाडकं वाक्य. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते लागू होतं. इथे फिल्टर तुंबला तर कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मानाने कमी सोडतो. गाडी ढिली होते, ॲव्हरेज नाही. पार्टच्या दुकानात काउंटरवर 'मायलेज वाढवा' म्हणून गोळ्या आणि बाटल्या ठेवलेल्या असतात. मी त्यांच्याकडे फेअरनेस क्रीमकडे पाहावं तशी पाहून पुढे गेले. नवऱ्याने मधेच स्वस्त पेट्रोल भरायची कल्पना काढली. आजोबांनी तीही मोडीत काढली. या इंजिनात दाब जास्त, हलकं पेट्रोल ठोके देतं. ठोके ऐकले की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, आणि मग ताकदही जाते, मैलही जातात.

राहिला उजवा पाय. इथे मला माझा विषय कामाला आला. मी एम. ए. भूगोलाची. वाईला सहा वर्षं शाळेत शिकवलं, समोच्च रेषा, उतार, खडकांचे प्रकार. बदली तासाला गणितही.

आम्ही राहतो क्लार्क्सव्हिलला आणि नवऱ्याचं ऑफिस नॅशव्हिलच्या बाजूला. नकाशा पाहिला तर नॅशव्हिल एखाद्या परातीच्या तळाशी आहे. चहूबाजूंनी जो काठ आहे त्याला इथे हायलँड रिम म्हणतात. आमचं गाव त्या काठाच्या पठारावर. आय-२४ ने जाताना रस्ता हळूहळू चढतो आणि मग एकदम परातीत उतरतो. म्हणजे सकाळी शेवटी उतार, संध्याकाळी सुरुवातीलाच चढ. एका रविवारी मी लेकीला मागे शेजारणीकडे ठेवून नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले आणि पूर्ण रस्ताभर डॅशबोर्डवरचा आकडा लिहीत गेले. या गाडीला एक बटण आहे. ते दाबलं की त्या क्षणाला ती किती मैल देते आहे ते दिसतं. शिक्षिकेच्या हाती असं बटण देऊ नये.

पहिली गोष्ट कळली ती वेगाची. ताशी पासष्ट मैलांवरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. नवरा ऐंशीने जायचा. बेचाळीस मैलांतल्या मोकळ्या रस्त्यावर त्याचे वाचायचे किती? पाच मिनिटं. ही गाडी हवा कापायला मुळातच हुशार आहे, तिचे दिवेसुद्धा दिवसा डोळे मिटून बसतात आणि रात्री उघडतात. पण हुशार मुलालाही आपण हट्टाने भिंतीवर धाडलं तर तो काय करणार?

दुसरी गोष्ट गिअरची. ही मला सगळ्यात आवडली. सहाव्या गिअरमध्ये ताशी सत्तर मैलांना या गाडीचं इंजिन फक्त पंधराशे फेरे मारतं. आमची सातारची मारुती ८०० या वेगाला कानठळ्या बसेपर्यंत ओरडली असती. मोठ्या इंजिनाचा घोळ असा असतो, की त्याला काम थोडं दिलं की ते पेट्रोल वाया घालवतं. पाय हलका ठेवला की हवेचं दार अर्धवट बंद असतं आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढत बसतात. चिमटलेल्या नळीतून ताक प्यायल्यासारखं. ओढण्यातच दम जातो. गिअर वरचा टाकला, फेरे कमी केले, की तेच काम करायला दार जास्त उघडावं लागतं आणि ओढाताण कमी होते. नवऱ्याला मात्र चौथ्या गिअरमधला आवाज ऐकायचा असायचा. "तो आवाज म्हणजेच गाडी," म्हणायचा. मी म्हटलं, आवाजाचे महिन्याला किती डॉलर होतात ते मी लिहून ठेवते, तू ठरव.

यातूनच आमचं पहिलं भांडण झालं, ते 'एक ते चार' वरून. या गाडीची एक खोड आहे. पहिल्या गिअरमध्ये हळुवार वेग घेतलात आणि ताशी पंधरा-वीस मैलांच्या मधे गिअर बदलायला गेलात, तर दांडा दुसऱ्यात जातच नाही, सरळ चौथ्यात नेऊन बसवतो. समोर दिवा लागतो, 'एक ते चार'. नवरा चिडायचा. वीसेक डॉलरचा एक छोटा प्लग मिळतो, तो लावला की ही खोड जाते. त्याला तो लावायचा होता. मी त्यामागचं कारण वाचलं. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली, अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. पुढे १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७८ मध्ये जास्त पेट्रोल खाणाऱ्या मोटारींवर कर बसवायचं ठरलं. आज गॅलनला साडेबावीस मैलांच्या खाली गेलेल्या मोटारीला हजार डॉलरपासून वर साडेसात हजारांच्याही पलीकडे कर पडतो. सरकारी चाचणीत दोन-चार दशांश वर सरकण्यासाठी कंपनीने ही एक ते चारची युक्ती काढली, १९८९ च्या मॉडेलपासून. नवरा म्हणे, ही सरकारची फसवणूक आहे. मी म्हटलं, असेल, पण तू चौथ्यात गेलास तर पेट्रोल खरंच वाचतं, त्यात फसवणूक नाही. दोन दिवस अबोला. शेवटी तह झाला. प्लग लावायचा नाही. घाई असेल तेव्हा त्याने जरा जोर देऊन वर जावं म्हणजे खोड आड येत नाही. आणि गर्दीत मुकाट्याने चौथ्यात जावं.

तिसरी गोष्ट उताराची, आणि इथे मला माझ्या मामाची माफी मागायची आहे, किंवा त्याने माझी. मामा फियाटने पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट उतरताना न्यूट्रल टाकायचा, कधी तर किल्लीच फिरवायचा. "फुकटात उतरतोय बघ!" आम्ही पोरं मागे टाळ्या वाजवायचो. आज आठवलं की अंगावर काटा येतो. ब्रेकला इंजिनाची साथ नाही, आणि खाली ते वळण. इंजेक्शनच्या गाडीत तर ते फुकटही नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. परातीच्या काठावरून खाली उतरताना मी ते बटण दाबून बसले होते. पाय काढला की आकडा चढत चढत ९९ वर जाऊन थांबतो. त्याच्यापुढे त्याला मोजताच येत नाही. लेकीला नंतर दाखवलं तर ती म्हणाली, "आई, हंड्रेड का नाही?"

चढावर क्रूझ कंट्रोल बंद करायचा, वेग दोन-चार मैलांनी पडू द्यायचा, माथ्यावर पोचायच्या आधीच पाय सैल करायचा. एवढंच. ऑगस्टअखेरपर्यंत वहीत २७.६ आलं. बाबांना फोन केला, लिटरला पावणेबारा. ते म्हणाले, "बरं आहे. आमची वॅगन-आर वीस देते."

ऑक्टोबरात आम्ही वर तासाभरावर बोलिंग ग्रीनला गेलो. कॉर्व्हेट तिथेच बनते, म्हणून नवऱ्याला ती जागा म्हणजे पंढरपूर. तिथल्या संग्रहालयात १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. त्यातल्या तीनच दुरुस्त झाल्या. नवरा त्या चेपलेल्या गाड्यांसमोर सुतकात असल्यासारखा उभा राहिला आणि मी मात्र, खरं सांगते, खड्ड्यावर खूश. चुनखडीचा प्रदेश, पाण्याने आतून विरघळलेला, खाली पोकळ्या, शेजारीच मॅमथ केव्ह. कार्स्ट भूरूपं! नववीच्या वर्गात फळ्यावर मी जे खडूने काढायचे ते प्रत्यक्ष गाड्यांसकट. जाऊ द्या, विषयांतर झालं. पण ते 'वरून सगळं ठीक आणि खाली पोकळी' पुढे मला पुन्हा आठवलं.

इथे वहीतली एक पद्धत सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गॅलनला किती मैल हा आकडा फसवा असतो. पंधराची गाडी वीसवर आणली तर हजार मैलांत सोळा-सतरा गॅलन वाचतात. पंचविसाची तीसवर आणली तर सातसुद्धा नाहीत. दोन्हीकडे वाढ पाचचीच. म्हणून मी मैलांबरोबर दर आठवड्याचे गॅलनही लिहीत होते.

डिसेंबरात आकडे घसरायला लागले. २७.१, मग २४, मग २२.८, मग २२.३.

पहिल्यांदा थंडीवर ढकललं. थंडीत टायरमधली हवा आकसते, दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पाउंड. ती भरली. हिवाळ्यातल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा किंचित कमी असते, इंजिन तापायला वेळ लागतो. धरा मैल-दीड मैल. पण पाच? मग वाटलं, हा पुन्हा ऐंशीने जायला लागला. पण जोरात जाणारा माणूस लवकर घरी येतो. हा तर सव्वासहाच्या जागी साडेसातला यायला लागला होता. जेवताना गप्प. लेकीला गोष्ट सांगताना मधेच थांबायचा आणि ती त्याला पुढचं वाक्य सांगायची. विचारलं तर म्हणे, ट्रॅफिक.

एका शनिवारी मी व्हॅन त्याला दिली आणि कॉर्व्हेट घेऊन नॅशव्हिलला किराणा आणायला गेले. इकडे क्लचची गाडी येणाऱ्या बायका फार नाहीत, त्यामुळे सिग्नलला शेजारचे बघतात. तोच रस्ता, तीच थंडी, हीटर चालू, तोच चढ. आले २६.२.

घरी येऊन तांदूळ तसेच ठेवून वही उघडली. आठवड्याचं अंतर ४२०, एक मैल इकडे नाही की तिकडे. २६.२ च्या हिशोबाने पेट्रोल लागायला हवं सोळा गॅलन. लागलं होतं पावणेएकोणीस. म्हणजे पावणेतीन गॅलन असे जळले होते, की गाडी तेव्हा एक फूटही चालली नव्हती. कुंपणाशी जाऊन आजोबांना विचारलं, असलं इंजिन नुसतं उभं राहून तासाला किती पितं? ते म्हणाले, अर्ध्या गॅलनच्या थोडं वर. मी भागाकार केला. पाच दिवस. रोज जवळजवळ एक तास गाडी कुठेतरी उभी, इंजिन चालू.

मनात वाईट विचार आला नाही असं मी म्हणणार नाही. तुम्हा कुणालाही आला असता. त्या रात्री भाजी करपली.

लेक झोपल्यावर मी काही न बोलता वही त्याच्यासमोर ठेवली. शेवटच्या भागाकाराखाली दोन रेघा मारल्या होत्या, मुलांच्या वहीत उत्तराखाली मारायला लावायचे तशा. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढं कळतं यातून?"

घराच्या अलीकडे दोन मैलांवर एक चर्च आहे, त्याचं मोठं पार्किंग संध्याकाळी रिकामं असतं. तो तिथे थांबायचा. हीटर लावून, इंजिन चालू ठेवून. त्याचं प्रोजेक्ट बंद होणार हे त्याला नोव्हेंबरच्या शेवटीच कळलं होतं. कुणाकुणाची नावं जाणार ते कळलं नव्हतं. आम्ही व्हिसावरची माणसं. नोकरी गेली की फार तर साठ दिवस, त्यात दुसरी मिळवायची नाहीतर बारा वर्षांचं घर आवरून निघायचं. घरात शिरताना चेहरा नीट करायला त्याला तेवढा तास लागत होता. "तुला सांगितलं असतं तर तू त्या रात्रीपासून हिशोब करायला लागली असतीस," तो म्हणाला. ते खरंच होतं. मी म्हटलं, "मग करू दे की. मला दुसरं काय येतं?" तो हसला आणि मग रडला, आणि मी उठून चहा टाकला. रात्री बाराला.

दुसऱ्या दिवसापासून तो सव्वासहाला घरी यायला लागला. त्या आठवड्यात २५.९. चेहरा घरी येऊनच नीट व्हायचा, किंवा नाही व्हायचा.

फेब्रुवारीत नाव आलंच. ते दोन महिने मी फार लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी नाही झालं त्यांच्या घरी न होवो. कॉर्व्हेट विकायची ठरली. जाहिरात टाकली. फोर्ट कॅम्पबेलमधला विशीतला एक सैनिक पोरगा बघायला आला, गाडीवर एकदम भाळला. चालवायला बसला आणि तीन वेळा गाडी बंद पाडली. क्लच येत नव्हता बिचाऱ्याला! विमानातून उड्या मारतो, पण क्लच येत नाही. मी शेजारी बसून त्याला अर्धा तास शिकवलं, "आधी क्लच अर्धा सोड, गाडी थरथरेल, घाबरू नको, तिथेच थांब." खूप दिवसांनी कुणाला तरी काही शिकवत होते. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही टीचर आहात का? मी हो म्हटलं. 'होते' म्हणणं सुचलंच नाही. त्याला वही पण दाखवली. त्याने सगळी पानं उलटली, एवढा हिशोब ठेवलेली गाडी आपण कधी पाहिली नाही म्हणाला. पैसे मात्र त्याच्याकडे पुरेसे नव्हते. दुसरा एक जण आला तो गाडी फारच कमीत मागत होता.

सातव्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने नवऱ्याला नोकरी मिळाली. आठवड्यातून तीन दिवस घरून काम, दोन दिवस जायचं. जाहिरात काढून टाकली. पहिल्या पगाराच्या आधीच मी माझे कामाचे कागद भरले. गेली तीन वर्षं ते भरता येण्यासारखे होते. 'लेक लहान आहे' म्हणून मी ते पुढे ढकलत होते. आणि मागच्या वर्षी पेट्रोलमधून वाचलेले महिन्याला सत्तर डॉलर मी एका डब्यात टाकत होते. हळदीच्या जुन्या डब्यात, रंग बघूनच. त्यातून माझ्या पदवीचं इथल्या पद्धतीने मूल्यांकन करून घ्यायचे पैसे निघाले. विद्यापीठातून गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मागवताना भावाला सात फेऱ्या घालाव्या लागल्या, तो वेगळाच लेख होईल.

ऑगस्टपासून मी इथल्या एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते. पुन्हा बदली तास! लेकीला सोडायला आता व्हॅन नवरा नेतो, तिची सीट त्यातच आहे. त्यामुळे कॉर्व्हेट माझ्या वाट्याला आली. पोरं खिडकीतून बघतात, मॅडम कुठली गाडी घेऊन आल्या. शाळा घरापासून साडेतीन मैलांवर. आता मला सांगा, साडेतीन मैलांत ते अजस्र इंजिन तापतं तरी का? तापायच्या आत पार्किंग येतं. तीन सिग्नल, एक शाळेची बस, आणि प्रत्येक थांब्यानंतर पहिला गिअर, मग ते एक ते चार. इंजिन थंड असलं तर ती खोडही निघत नाही आणि मी चक्क दुसऱ्या गिअरमध्ये मजेत जाते. आवाज ऐकत. खरंच चांगला आहे तो आवाज.

परवा गॅरेजमध्ये शिरले तर नवरा दारात उभा, हातात माझीच वही आणि पेन. "हं, सांग. या आठवड्याचं किती पडलं?"

साडेचौदा पडलं होतं. मी म्हटलं, अजून काढलं नाही, आधी चहा टाक.